पेनड्राइव्हने फाइल नाकारली तर...



पूर्वी घरातले महत्त्वाचे कागद पत्र्याच्या पेटीत असायचे. आज त्यांच्या जोडीला बोटाएवढा पेनड्राइव्ह आला आहे. मुलीच्या लग्नाचे शूटिंग, नातवाच्या नामकरणाचे फोटो, मुलांच्या मार्कशीट, सातबारा, जातीचा दाखला, सारे त्यात असते. महाड तालुक्यातील वीर गावाला रेल्वे 1993 साली आली. आज वीरच्या स्टेशनावर उतरणाऱ्या चाकरमान्याच्या खिशातही घरच्यांसाठी असा एखादा पेनड्राइव्ह असतो.

पण पुष्कळदा असे होते की, संगणकावरून फाइल पेनड्राइव्हवर घेताना काम मध्येच अडते. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येतात. आपण घाबरून पुन्हा पुन्हा तेच बटण दाबतो. शेजारचा कोणी सांगतो, "दादा, फॉरमॅट मारा, ठीक होईल." पेनड्राइव्ह ठीक होतोही, परंतु आतले सारे पुसले जाते.

यात किती नुकसान आहे, ते पाहा. जात पडताळणीच्या वेळी अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. बहुतेक घरांत असा पुरावा म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील जुनी नोंद. आपल्या भागाला पाण्याचा अनुभव आहे. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. जुलै 2021 मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले आणि तळीयेवर डोंगर आला. अशा वेळी कागद भिजला तर त्याचा स्कॅनच हाताशी उरतो. त्या नोंदीची नक्कल पुन्हा काढायची म्हटली तरी शाळेचे आणि कचेरीचे किती हेलपाटे पडतात, हे आपणांस माहीत आहे. तोवर मुलाच्या प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही.

म्हणून एक नियम मनाशी पक्का करावा. पुराचे पाणी घरात शिरले की आपण आधी माणसे आणि कागद बाहेर काढतो, भिंतीची डागडुजी नंतर पाहतो. पेनड्राइव्हचेही तसेच आहे. आधी आतला माल दुसरीकडे हलवावा, दुरुस्ती मागाहून.

आता संगणक काय सांगतो ते एकेक समजून घेऊ.

पहिला निरोप असा की, फाइल फार मोठी आहे. लग्नाच्या शूटिंगच्या बाबतीत हा नेहमी येतो. पेनड्राइव्ह 32 जीबीचा, त्यात 20 जीबी जागा मोकळी, आणि 5 जीबीची फाइल मात्र जात नाही! यात पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. त्यात सामान मांडण्याची जी पद्धत असते, तिचे नाव फॅट-32. ही पद्धत 1996 च्या सुमारास आली. तिच्यात कोणतीही एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. खोली रिकामी असली तरी दारातून मोठे कपाट आत जात नाही, तसेच हे. यावर साधा उपाय म्हणजे शूटिंगवाल्याला तेच शूटिंग दोन-तीन भागांत द्यायला सांगावे. दुसरा उपाय म्हणजे आतले सर्व आधी संगणकावर उतरवून घ्यावे, नीट उघडते याची खात्री करावी आणि मगच पेनड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट करावा. मात्र घरचा जुना टीव्ही कधीकधी एक्सफॅट वाचत नाही. टीव्हीवर पाहायचे असेल तर भाग पाडलेलेच बरे.

दुसरा निरोप म्हणजे जागा संपली. येथे एक खुलासा हवा. 32 जीबीचा पेनड्राइव्ह संगणकावर 29 जीबीच्या आसपास दिसतो, ही फसवणूक नव्हे. विकणारा 1 जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, संगणक त्याहून थोडे जास्त धरतो, एवढाच फरक. पण बाजारात अगदी स्वस्तात "1 टीबी" म्हणून मिळणारा पेनड्राइव्ह मात्र संशयाने पाहावा. असे नकली पेनड्राइव्ह जागा खूप दाखवतात, कॉपी झाल्याचेही सांगतात, परंतु आत जागाच नसल्याने मागाहून फाइल उघडत नाही. नवा पेनड्राइव्ह घेतल्यावर तो एकदा मोठ्या फाइलींनी काठोकाठ भरावा, काढून पुन्हा लावावा आणि शेवटी गेलेल्या फाइली उघडून पाहाव्यात. त्या उघडल्या तरच घरचे कागद त्यात ठेवावेत.

तिसरा निरोप "राइट प्रोटेक्टेड", म्हणजे लिहिण्यास मनाई. कॅमेऱ्याच्या कार्डाला आणि काही पेनड्राइव्हना कडेला बारीक खटका असतो. तो चुकून सरकला असेल तर परत सरकवावा. खटका नसताना एके दिवशी अचानक हा निरोप आला, तर पुष्कळदा आतली चिप थकलेली असते आणि तिने स्वतःला कुलूप लावून घेतलेले असते. अजून वाचता येते, लिहिता येत नाही. हा शेवटचा इशारा समजावा आणि त्याच दिवशी सर्व फाइली बाहेर काढाव्यात. कुलूप तोडण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये.

चौथा निरोप फाइल खराब झाल्याचा, किंवा "सायक्लिक रिडंडन्सी चेक" असा येतो. रेशन दुकानदार दिवसाच्या शेवटी बेरीज करतो आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहतो, तशी संगणकही प्रत्येक तुकड्याची बेरीज ताडतो. ती जुळली नाही की तो थांबतो. अशा वेळी सगळे फोल्डर एकदम ओढू नये. एकेक फाइल घ्यावी. जी अडेल ती सोडून पुढची घ्यावी. वाचतील तेवढ्या वाचवून झाल्यावरच पेनड्राइव्हच्या नावावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज, मग टूल्स, मग चेक असे करावे. हे आधी केले तर मोडकळीला आलेल्या पेनड्राइव्हवर ताण येतो आणि होते तेही जाऊ शकते.

मोठी हार्ड डिस्क मध्येच गायब होत असेल तर बहुधा वीज कमी पडते. जुन्या प्रकारच्या यूएसबी खोबणीतून 500 मिलीअँपिअर वीज मिळते, नव्या निळ्या खोबणीतून 900. तेव्हा लांब वायर आणि मधला जोड काढून डिस्क सरळ संगणकाच्या मागच्या खोबणीत लावावी. डिस्कमधून टिक टिक आवाज येत असेल तर मात्र ताबडतोब बंद करावी आणि जाणकाराकडे न्यावी.

कधी दोष फक्त नावाचा असतो. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम किंवा तिरकी रेघ विंडोजला चालत नाही. देवनागरी नाव चालते. नाव आटोपशीर ठेवावे आणि फोल्डरात फोल्डर अशी उतरंड रचू नये.

आता दोन सवयी. पहिली, "कट" कधीही वापरू नये, "कॉपी"च वापरावे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. कॉपी करताना वीज गेली तर मूळ फाइल जागेवर राहते, पेनड्राइव्हवरची अर्धवट प्रत काढून पुन्हा करता येते. दुसरी, काम संपताच पेनड्राइव्ह उपटू नये. दिवा लुकलुकायचा थांबू द्यावा, "इजेक्ट" करावे, पुन्हा लावून एक-दोन फाइली उघडून पाहाव्यात. झेरॉक्सच्या किंवा सायबर कॅफेच्या दुकानात ज्यांचे काम होते त्यांनी हे तेथेच, पैसे देण्यापूर्वी करावे. अक्का, ताई, तुम्हीही निःसंकोच सांगा, "भाऊ, जरा उघडून दाखवा." यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि शेवटची गोष्ट. एकच प्रत म्हणजे प्रत नाहीच, असे समजावे. एक पेनड्राइव्ह गावी हवाबंद डब्यात राहू द्या, दुसरा मुंबईच्या भावाकडे किंवा मुलीकडे. एकाच पुरात दोन्ही घरे सापडत नाहीत. शासनाच्या डिजिलॉकरमध्ये, जो 2015 पासून सुरू आहे, आपले स्कॅन ठेवण्यास 1 जीबी जागा मोफत मिळते. आजोबांचा दाखला तेथेही चढवावा. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी घर शाकारतो त्याच सुमारास, पेनड्राइव्ह लावून सर्व उघडते का ते पाहावे. भिजलेला पेनड्राइव्ह पूर्ण वाळल्याशिवाय लावू नये.

हे काम घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींकडे सोपवावे. आपले कोणते कागद घरात आहेत आणि त्यांचे मोल काय, हे त्यांनाही त्या निमित्ताने कळेल.