फळ देणारे कुंपण

कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कोणाकडे मागावयाची? मराठीतील ही जुनी म्हण रक्षकाच्या वेषातील भक्षकाला उद्देशून आहे. अलीकडे मात्र काही गावांत ती अक्षरशः खरी मानली जाऊ लागली आहे. बांधावरील करवंदीची जाळी हात-दोन हात जागा अडविते, म्हणून ती मुळासकट उपटावी आणि तेथे खांब रोवून काटेरी तार ताणावी, असे शेतकऱ्याला वाटते. यंत्राच्या साह्याने हे काम एका दिवसात उरकते. परंतु त्या एका दिवसात काय गमावले, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. तो मांडला, तर करवंदीचे कुंपण शेत खात नसून शेताच्या कडेला आणखी एक पीक उभे करते, असेच आढळून येईल.

करवंद ही सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणच्या कातळांवर आपोआप वाढणारी सदाहरित वनस्पती आहे. कण्हेर आणि देवचाफा यांच्या कुळातील ती असल्यामुळे तिचे पान किंवा कच्चे फळ तोडताच पांढरा चीक ठिबकू लागतो. तिच्या फांद्या लांब व लवचिक असतात. जवळ एखादे झाड असले, की त्या त्याच्या आधाराने वर चढतात. आधार नसला, की कमानीसारख्या वाकून जमिनीलगत पसरतात आणि एकमेकींत गुंतून जातात. अशा गुंत्यालाच करवंदीची जाळी म्हणतात. जाळीतील प्रत्येक फांदीवर कणखर काट्यांच्या जोड्या असतात. त्यामुळे गुरे तिच्यात शिरण्याचे धाडस करीत नाहीत. हिवाळा सरताना तिला पांढरी, सुवासिक फुले येतात. मग हिरवी फळे धरतात, ती लालसर होतात आणि वैशाखाच्या उन्हात काळीभोर होऊन पिकतात. विहिरी आटल्या, गवत करपले, तरी ही जाळी मात्र हिरवीच राहते.

या फळांना ‘डोंगरची काळी मैना’ असे लाडके नाव आहे. करवंद तोंडात टाकण्यापूर्वी दाताने अर्धे तोडावयाचे आणि आतील गर लाल निघाला तर ‘कोंबडा’, पांढरा निघाला तर ‘कोंबडी’ असे ठरवावयाचे, हा खेळ कोकणातील मुलांच्या कित्येक पिढ्या खेळत आल्या आहेत. घरोघरी कच्च्या करवंदांचे लोणचे मुरते, तर पिकलेल्या करवंदांचे सरबत होते. कर्जत-कसाऱ्याकडील डोंगरांत राहणाऱ्या ठाकर व कातकरी स्त्रिया पहाटे रानात जाऊन करवंदे वेचतात, पानांचे द्रोण भरतात आणि ते स्थानकांवर व घाटरस्त्यांवर विकतात. हा हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा. पण पावसाळ्यापूर्वी हाताशी येणारे ते चार पैसे त्या घरांना मोलाचे असतात. जाळी तुटते, तेव्हा हा आधारही तुटतो.

माणसाखेरीज या जाळीचे आणखीही कितीतरी आश्रित आहेत. शिपाई बुलबुल आणि लालबुड्या बुलबुल तिची फळे खातात आणि तिच्याच काट्यांआड घरटी बांधतात, कारण तेथे मांजराचा पंजा सहजी पोहोचत नाही. दिवसा ससे आणि तित्तिर तिच्या सावलीत दडतात. रात्री उदमांजर आणि कोल्हा गळलेली फळे शोधीत येतात. फळाबरोबर पोटात गेलेल्या बिया हे प्राणी व पक्षी दूरवर टाकतात, आणि नवीन जाळ्या उगवतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. कुंपण जिवंत असेल, तर तेथे पोहोचलेल्या सरड्याला निवारा तरी मिळतो; तापलेल्या तारेवर त्याला काय मिळणार?

शेतकऱ्याच्या तक्रारी खोट्या आहेत, असे मात्र नाही. जाळीत साप राहतात, हे खरे आहे. पण साप येतात ते उंदरांच्या मागावर, आणि धान्याचा मोठा शत्रू उंदीरच होय. तरीही फळे वेचताना जाळीत हात घालण्यापूर्वी काठीने चाहूल द्यावी, हे बरे. जाळी फार पसरते, हेही खरे आहे. तिला दरवर्षी फळांचा हंगाम आटोपल्यावर छाटावे लागते. कुंपण दाट होण्यास तीन-चार वर्षे लागतात, ही तिसरी अडचण. तोपर्यंत वाळलेल्या काटेरी फांद्यांचे कुंपण घालून किंवा दगडी गडग्यालगत रोपे लावून निभावता येते. तार पहिल्या दिवशीच पुरी होते आणि दुसऱ्या दिवसापासून तिला गंज चढू लागतो. जाळी सावकाश उभी राहते. मात्र तुटलेली फांदी ती आपली आपणच भरून काढते.

तिची लागवडही कठीण नाही. पूर्ण पिकलेल्या फळांतील बिया धुऊन लगेच पेराव्या लागतात, कारण ठेवलेल्या बियांची उगवण्याची शक्ती लवकर नष्ट होते. वर्षभर वाढविलेली रोपे पुढल्या पावसाळ्याच्या आरंभी बांधावर दोन-तीन फुटांच्या अंतराने लावावीत. पहिली एक-दोन वर्षे गुरांपासून जपले, म्हणजे पुढे तीच शेताला जपू लागतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाचे मोठ्या फळांचे वाणही निवडून काढले आहे. रानातील या फळाला शेतात मानाची जागा मिळू शकते, याचे हे द्योतकच होय.

करवंदीने एके काळी फार वेगळी चाकरीही केली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राजवटीने मिठावर जबर कर बसविला होता. कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये, म्हणून उत्तर आणि मध्य भारतातील जकातीच्या सीमेवर शेकडो मैल लांबीचे जिवंत कुंपण वाढविण्यात आले. त्यात बाभूळ, बोर आणि निवडुंग यांच्या जोडीला करवंदही होते. गरिबाच्या ताटातील चिमूटभर मीठ अडविणारी ती सीमा १८७९ मध्ये उठविण्यात आली आणि ते कुंपण काळाच्या ओघात नाहीसे झाले. करवंदीचे काटे तेव्हाही तेच होते. फरक होता तो लावणाऱ्याच्या हेतूत. बांधावरील जाळी गुरांना अडविते, पण भुकेल्या पाखराला, रानातील प्राण्याला आणि वाटेने जाणाऱ्या मुलाला अडवीत नाही.

अर्थात त्या मुलाचेही काही कर्तव्य आहे. फळांसाठी फांद्या मोडू नयेत. कच्ची फळे उगाच ओरबाडू नयेत. हाताला येतील तेवढी करवंदे घ्यावीत आणि जाळीच्या आतली व शेंड्यावरची पाखरांसाठी सोडावीत. तीही तोडण्याचा हट्ट धरला, तर काटे आपला निर्णय ऐकवितातच!

प्रत्येक शेताला कुंपण हवे, याविषयी दुमत नाही. पण जेथे करवंदीची जाळी आधीच उभी आहे, तेथे ती राखावी. आणि जेथे नवे कुंपण घालावयाचे असेल, तेथे तार विकत घेण्यापूर्वी ओंजळभर बियांचा विचार करावा. शेताचे रक्षण करून वर द्रोणभर फळेही देणारा असा राखणदार कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.