विश्लेषण : महाराष्ट्राचा रणजी दुष्काळ यंदा तरी संपेल?

महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधर कर्णधार असताना. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा हरलो. २०१३-१४ च्या हंगामात केदार जाधवने १२२३ धावा केल्या, तरी करंडक कर्नाटकने नेला. मुंबई जिंकते याची आता सवय झाली आहे. सलतो तो विदर्भ. २०१७-१८ पासून त्यांनी तीन करंडक घरी नेले!

घोडे अडते कुठे?

गुणांच्या गणितात. निर्णायक विजयाला ६ गुण. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. गटात सामने सात आणि पुढे जाणार दोनच संघ. नुसत्या आघाडीवर भागत नाही, २० बळी घ्यावे लागतात. आपण मात्र ऋतुराज गायकवाडच्या शतकांवर आशा लावून बसतो. तो भारतीय संघात गेला की फलंदाजीही उघडी पडते. चार दिवस टिच्चून मारा करणारे गोलंदाज ही खरी गरज आहे.

सोलापूरकरांचे काय?

पॉली उम्रीगर जन्मले सोलापुरात, गाजले मुंबईकडून. अर्शिन कुलकर्णी मात्र महाराष्ट्राकडूनच खेळतो. सलामीला येतो, मध्यमगती माराही करतो. त्याला चेंडू जास्त द्यावा, असे आम्हाला वाटते. जानेवारी २०२४ मध्ये पार्क मैदानावर मणिपूरविरुद्ध रणजी सामना झाला होता. यंदाही एखादा सामना इथे द्या.