पाळणा आणि पत्ते

अमेरिकेतील ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने २००३ साली पोकरची जागतिक स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर मिळविले. त्याने स्पर्धेतील प्रवेश ऑनलाइन खेळूनच मिळविला होता. त्यानंतर तेथील अनेकांनी या खेळालाच उपजीविका मानले. पत्नी नोकरीस जाते व आपण घरी मुले सांभाळतो, असे पितेही त्यांत होते.

पित्याने मूल सांभाळण्यात कमीपणा कसला? ते स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो पत्त्यांचा. डावात निर्णयाला काही सेकंदच मिळतात. रडणारे मूल तेवढेही थांबत नाही. शिवाय डावाच्या रकमेतून संकेतस्थळ आपला वाटा कापून घेते, म्हणजे सारे खेळाडू मिळून तोट्यातच राहतात. कुशल खेळाडूचेही काही महिने कोरडे जातात. घरखर्च मात्र थांबत नाही.

१५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने मोठ्या संकेतस्थळांवर कारवाई केली. ‘फुल टिल्ट’वर अडकलेले पैसे तेथील खेळाडूंना परत मिळू लागण्यास २०१४ साल उजाडले. भारतानेही २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

घरी राहणारा पिता हा कुटुंबाचा आधारच होय. परंतु चित्त डावात गुंतले, की तो घरी असूनही घरात नसतो.