चहा एजंटाचा, गरज आपली!

हजिऱ्यात एखाद्या कारखान्याचे शटडाऊन जवळ आले की आपल्या उधना, लिंबायत, डिंडोलीच्या घराघरांतून एकच सल्ला ऐकू येतो. “फोनवर काही होत नाही रे बाबा, एजंटाला जाऊन समोरासमोर भेट. ओळख असू दे.” सल्ला देणारे बहुधा आपल्यातलेच बुजुर्ग असतात. सुरत-भुसावळ गाडीने खानदेशातून येऊन ज्यांच्या दोन-तीन पिढ्या इथे मुरल्या, ज्यांची घरे झाली, दुकाने झाली, त्यांच्या तोंडी हा सल्ला शोभूनही दिसतो. पण या भेटीचा फायदा नेमका कोणाला होतो, हे कोणी विचारीत नाही. आमचे मत स्पष्ट आहे : एकट्याने, रिकाम्या हाताने घेतलेली भेट ही एजंटाच्या फायद्याची असते.

कृभको, ओएनजीसी, एल अँड टी, पूर्वी एस्सार आणि डिसेंबर २०१९ पासून आर्सेलर मित्तल निप्पॉन झालेला पोलाद कारखाना... हजिऱ्यातली नावे मोठी आहेत. कोणत्याही मोठ्या उद्योगपट्ट्यात घडते तेच इथेही घडते. कंपनी काम मोठ्या ठेकेदाराला देते, तो तुकडे पाडून पेटी ठेकेदारांना देतो, आणि पेटी ठेकेदार ‘माणसे पाहिजेत’ म्हणून एजंटाला फोन करतो. पंधरा दिवसांच्या शटडाऊनला जाणारा आपला फिटर, वेल्डर, रिगर या उतरंडीच्या तळाशी. आठ-दहा पोरे हाताशी धरून काम घेणारा आपला छोटा ठेकेदारही त्याच्यापेक्षा फार वर नाही. वरच्या मडक्यातून काय गळते आणि मध्येच काय मुरते, हे खालच्याला कळायचा मार्ग नसतो.

आता इच्छापोर किंवा मोऱ्याच्या बाजूला एखाद्या गाळ्यात बसलेल्या एजंटाची भेट कशी होते ते पाहा. चहा येतो. गाव कोणते, तालुका कोणता, घरी किती माणसे, मागचे काम कधी सुटले, तिथे रोज काय मिळत होता, अशी आपुलकीची चौकशी होते. आपला मुलगा सगळे खरे सांगतो, कारण समोरचा ‘गाववाला’ निघालेला असतो! दहा मिनिटांत एजंटाला कळते की हा महिनाभर घरी बसलेला आहे आणि आठशे म्हटले तरी नाही म्हणणार नाही. उलट, एजंटाला वरून काय दर मिळतो हे मुलाला शेवटपर्यंत कळत नाही. निघताना आधारची प्रत, दोन फोटो आणि ‘गेटपाससाठी’ म्हणून आयटीआयचे मूळ प्रमाणपत्रही टेबलावर राहते. ते एकदा तिथे राहिले की दुसऱ्या एजंटाकडे जायची वाट बंद झाली म्हणून समजा. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते हो, पण तिचा भाव पडलेला असतो.

याच बाजारात पाइपवर सिक्स-जी पोझिशनची टेस्ट पास झालेला आर्गन वेल्डर बघा. तो कोणाच्या गाळ्यावर जात नाही. एजंटच त्याला फोन करतो, गाडी पाठवतो. म्हणजे भेटीगाठीने भाव वाढत नाही, तो हातातल्या कसबाने वाढतो. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी आपल्या आळीतल्या एखाद्या आर्गन वेल्डरला विचारावे.

आणि ही गोष्ट मराठी माणसाला नवी आहे का? मुंबईच्या गिरण्यांत रोज पहाटे फाटकावर जॉबरसमोर उभे राहावे लागे. त्याहून समोरासमोरची भेट कोणती? त्या भेटीचे फळ म्हणजे दस्तुरी! जॉबरचा हात ओला केल्याशिवाय साचा मिळत नसे. १९३१ च्या व्हिटली कमिशनच्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवले गेले आणि १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांना ठरावीक संख्येने कार्डे द्यायची पद्धत आणली. जॉबरच्या मर्जीला थोडा का होईना लगाम बसला तो कार्डाने, म्हणजे कागदाने. जॉबरशी घरोबा वाढवून तो बसला नव्हता.

कोणी म्हणेल, मग फोनवरच ठरवायचे का? नोंदणी फी म्हणून मोबाइलवर पैसे मागणारे आणि दुसऱ्या दिवशी नंबर बंद करणारे ठग आहेतच. तेव्हा जागा आहे की नुसता मोबाइल, हे डोळ्यांनी बघायला जरूर जावे. आखातात पाठवतो म्हणणाऱ्याच्या बाबतीत तर गेलेच पाहिजे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली त्याची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण हे बघायला दोघा-तिघांनी मिळून जावे, आणि बोलणे झाले की दर, दिवस, ओव्हरटाइम, राहण्याचा खर्च कोणाचा, हे तिथेच लिहून घ्यावे. मूळ प्रमाणपत्र दाखवावे आणि खिशात परत घालावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र कोणी विचारीतच नाही : मूळ कंपनी कोणती आणि मधे कोण कोण आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. पूर्वी केंद्राच्या १९७० च्या कायद्यात २० कामगारांच्या वरच्या ठेकेदाराला लायसन्स लागे, आता ही मर्यादा ५० झाली. म्हणजे हजिऱ्यातला लहान एजंट “आम्हाला लायसन्स लागतच नाही” म्हणून हात वर करणार! परंतु ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या कारखान्यात ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. नियुक्तिपत्र आता प्रत्येक कामगाराला द्यायचे आहे. काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. साखळीतली नावे कागदावर नसतील तर हे मागायचे कोणाकडे?

कटू बोलतो, राग मानू नये. आपल्यातल्या काहींनी स्वतःच ‘मॅनपावर सप्लाय’च्या पाट्या लावल्या आहेत, आणि भेटीचा सल्ला त्यांच्याच ओट्यावरून जास्त येतो. धंदा करण्यात पाप नाही. पण गणपतीच्या वर्गणीत पहिले नाव लिहिणाऱ्याने पोराला नियुक्तिपत्र देताना मात्र गाववालेपण पुढे करावे, हे कसे चालेल? २००९ मध्ये नवसारीतून सी. आर. पाटील लोकसभेवर गेले, २०१२ मध्ये लिंबायतमधून संगीता पाटील विधानसभेवर गेल्या. मराठी मताचे वजन सुरतेत सिद्ध झाले आहे. ते मत मागायला जे जे ओट्यावर येतात, त्यांना हजिऱ्यातल्या हजेरीपटाबद्दल आपण काय विचारतो?

मंडळाने एक साधी वही ठेवावी अशी आमची मागणी आहे. तीत एजंटाचे नाव, मूळ कंपनी, कबूल केलेला दर, हातात पडलेला दर आणि पगाराची तारीख लिहावी. शटडाऊनहून परतलेल्या प्रत्येकाने त्यात नोंद करावी आणि जाणाऱ्याने ती आधी वाचावी. मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. विरोध करणाऱ्यांनी सभेत उभे राहून, आपल्या पाटीचे नाव सांगून करावा.