पाण्याचा ठाव

दसऱ्याच्या सुट्टीत पुतण्या पुण्याहून नवी गाडी घेऊन आमच्याकडे खानापूरला येणार आहे. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणारी ही गाडी. आजची मुले तिला ‘फोर बाय फोर’ म्हणतात. फोनवर त्याने बेत सांगितला : अनमोड घाट उतरून मोले, तेथून कुळे आणि कुळ्याहून जंगलातले ओहोळ ओलांडीत थेट दूधसागर.

“वाट खुली आहे का, याची चौकशी केलीस?” मी विचारले.

तो हसला. “काका, या गाडीला वाट लागतच नाही. शिवाय मोबाईलच्या नकाशावर रस्ता स्पष्ट दिसतो.”

वाचकहो, ते हसू ऐकून मला १९९८ सालचा श्रावण आठवला. मी तेव्हा नवखा शिक्षक होतो. तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलातील एका शाळेसाठी पाठ्यपुस्तके घेऊन आम्ही जीपने निघालो होतो. वाटेत ओढा आडवा आला. पाणी गुडघ्याखालीच दिसत होते. आमच्या डोक्यावर पाऊसही नव्हता. मी अधीर होऊन म्हणालो, “मामा, घाला गाडी, उशीर होतोय.” चालकमामा शांतपणे उतरले, पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला, बिडी पेटविली आणि म्हणाले, “गुरुजी, वरल्या डोंगराकडं बघा की.” डोंगर काळ्या ढगांत बुडाला होता. बिडी संपायच्या आत दगड दिसेनासा झाला. अर्ध्या तासाने त्याच ओढ्यातून झाडाचा ओंडका गरगरत गेला. दृष्टीआड सृष्टी असते, हे मी वर्गात कितीदा शिकविले होते. ते कळले मात्र त्या दिवशी.

आडवाटेच्या प्रवासाआधी दोन गोष्टींचा ठाव घ्यावा लागतो : वाटेचा आणि पाण्याचा.

नकाशा रेघ दाखवितो. त्या रेघेवरचे वनखात्याचे फाटक दाखवीलच असे नाही. उपग्रहाची छायाचित्रेही बहुधा ढग नसलेल्या कोरड्या महिन्यांतली असतात. त्यांत जेथे वाळू दिसते, तेथे भाद्रपदात नदी वाहत असते. कुळ्याहून दूधसागरकडे जाणारी वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीवाचून हिंडता येत नाही. पावसाळ्यात तेथील जीपची फेरी बंद असते. पाणी उतरल्यावर, साधारणतः ऑक्टोबरच्या सुमारास ती सुरू होते. सुरू झाल्यावरही तेथे परवानाधारक स्थानिक जीपच जातात, स्वतःची गाडी नेता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारावे आणि शेवटच्या गावात पोहोचल्यावर पुन्हा विचारावे. गेल्या वर्षीचा अनुभव या वर्षीच्या वाटेला लागू पडतोच असे नाही.

आता पाण्याविषयी. वाहते पाणी एक फूट खोल असले तरी लहान मोटार उचलू शकते. दोन फूट पाणी बहुतेक मोठ्या गाड्याही वाहून नेते. नव्या महिंद्र थारसाठी कंपनी ६५० मिलीमीटर खोलीचा आकडा देते, म्हणजे दोन फुटांहून थोडा अधिक. पण तो आकडा प्रवाहाच्या वेगाबद्दल किंवा तळाच्या खड्ड्यांबद्दल काही सांगत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. एकदा गाडी तरंगू लागली की जमिनीलाच न टेकणारी चारही चाके फिरून काय उपयोग?

जे पात्र पायी ओलांडण्याची छाती होत नाही, तेथे गाडी घालू नये, हा साधा नियम. पाणी संथ आणि नितळ असेल तर एकाने हातात काठी घेऊन तळ चाचपावा. पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर वर पाऊस झाला असे समजून मागे फिरावे. हिमाचलात स्पितीच्या वाटेवर बर्फ वितळून नाले दुपारी फुगतात, म्हणून तेथे ते सकाळीच ओलांडतात. आपल्या सह्याद्रीत घड्याळाचा उपयोग नाही. घाटमाथ्याचे आभाळच पाहावे लागते.

पाण्यात उतरल्यावर खालच्या गिअरमध्ये संथपणे, न थांबता जावे. गाडी मध्येच बंद पडली आणि इंजिनात पाणी शिरल्याची शंका आली, तर ते पुन्हा सुरू करू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतला दांडा वाकतो. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच दाबून वाळवून घ्यावेत.

दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला. त्याने चौकशी केली होती. स्वर उतरला होता. “काका, मग गाडी आणायची तरी कशाला?”

“घरापर्यंत यायला,” मी म्हणालो. “पुढे कुळ्याच्या जीपमधून जाऊ. तिथल्या चालकाला पाण्याखालचा दगडन् दगड ठाऊक असतो.”

चालकमामा आता हयात नाहीत. त्या श्रावणात पुस्तके चार दिवस उशिरा पोहोचली. उशीर का झाला, हे एकाही मुलाने विचारले नाही.