पीक बदला म्हणता, पण सातबारा कोणाच्या नावावर?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात मांजरा, तेरणा, सीना, सिंदफणा आणि गोदावरीचे पाणी पात्र सोडून शेतात शिरले. काढणीला आलेले सोयाबीन उभ्या जागी कुजले, काही ठिकाणी तर पिकाखालची मातीच खरडून गेली. राज्यभरात ६८ लाख हेक्टरहून अधिक क्षेत्राचे नुकसान झाल्याचे सरकारने सांगितले आणि ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले.

दहा वर्षांच्या आत ही दोन टोके आपण पाहिली. आता कृषी विभागापासून जागतिक बँकेपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच आहे: हवामान बदलले, शेतकऱ्याने पीकपद्धती बदलावी. सल्ला योग्यच आहे. पण त्याचा लाभ कोणाला मिळतो आणि आपल्या वस्तीतला माणूस त्यात कुठे बसतो, हे तपासणे आपले काम आहे.

बदल होतो आहे

मराठवाड्याचे खरीप आज सोयाबीनवर उभे आहे. साधारण शंभर दिवसांचे हे पीक दोनदा अडचणीत येते. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला तर शेंगा भरत नाहीत आणि काढणीच्या वेळी पाऊस आला तर दाणे काळे पडतात. यावर शेतकऱ्यांनी काही उपाय स्वीकारले आहेत. त्यातला महत्त्वाचा म्हणजे रुंद वरंबा सरी, म्हणजेच बीबीएफ. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी हे तंत्र विकसित केले. रुंद वरंब्यावर पिकाच्या ओळी आणि दोन्ही बाजूंना सऱ्या. पाऊस कमी झाला तर सरीत पाणी मुरते, जास्त झाला तर त्याच सरीतून बाहेर जाते. बियाणेही कमी लागते.

दुसरा उपाय आंतरपिकाचा. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घेतल्या की एका पिकाने दगा दिला तरी दुसऱ्याची आशा राहते. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन-७११ हे तुरीचे वाण सुमारे १५० ते १६० दिवसांत येते, म्हणून जमिनीतली ओल संपण्याआधी शेंगा भरतात. शिवाय ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचे नाही आणि घरचे बियाणे गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण पाहूनच वापरायचे. या बिनखर्चाच्या सवयी दुबार पेरणी टाळू शकतात.

मात्र सप्टेंबर २०२५ सारख्या पुरात कोणतेच वाण टिकत नाही. माती गेली की वरंबाही जातो. अशा वेळी शेतकऱ्याला उभे करतात ते विमा, नुकसानभरपाई आणि पुढच्या हंगामाचे भांडवल. आणि इथे कागद आडवा येतो.

जमीन कसणारा एक, कागद दुसऱ्याचा

बीबीएफ यंत्राचे अनुदान, शेततळे, ठिबक, अॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी, पीकविमा, पंचनामा: या सगळ्यांची सुरुवात सातबाऱ्यापासून होते. बटईने किंवा ठोक्याने शेती करणाऱ्याला विमा हवा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. कुळकायद्याच्या भीतीने मालक तो करून देत नाही. परिणामी बियाणे, खत, मेहनत बटईदाराची आणि भरपाई मालकाच्या खात्यावर.

शेतमजुराचे तर नावच कुठे येत नाही. सोयाबीन कुजले की काढणीची आणि मळणीची मजुरीही गेली. बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात भूमिहीनांसाठी शेळीपालन, परसातील कोंबडीपालन अशा योजना होत्या. त्यांचा उपयोग आहेच, पण पीकपद्धती बदलण्याच्या चर्चेत भूमिहीनाला जागा मिळाली ती एवढीच.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील एकूण वहितीखालील क्षेत्रापैकी ९ टक्क्यांहून कमी क्षेत्र अनुसूचित जातींकडे आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या १६.६ टक्के आहे. म्हणजे हवामान बदलाची योजना जेव्हा ‘शेतकरी’ म्हणते, तेव्हा आपल्यातले बहुसंख्य लोक आधीच बाहेर पडलेले असतात.

गायरानाचा प्रश्न हाच हवामानाचा प्रश्न

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. त्या लढ्यांच्या रेट्यातून पुढे १९९१ चा शासन निर्णय आला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्या अनेकांच्या हाती आजही सातबारा नाही. २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा आधार घेऊन अतिक्रमणे हटवण्याच्या नोटिसा निघतात. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे, हे मात्र सांगितले जात नाही.

बांध घालणे, ओल धरून ठेवणे, माती सुधारणे ही पाच-दहा वर्षांची कामे आहेत. पुढच्या वर्षी आपण या जमिनीवर असू की नाही हेच ठाऊक नसेल, तर ती कामे कोण करेल?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले होते की प्रश्न केवळ तुकड्याच्या आकाराचा नसून त्यावर लागणाऱ्या भांडवलाचा आणि साधनांचाही आहे. आज त्या साधनांत वाण, यंत्र आणि विमा आले. कागदाशिवाय ती मिळत नसतील तर वाण बदलण्याचा उपदेश पोकळ ठरतो.

आपण काय करायचे?

पहिले काम, गावागावांत गायरानधारकांची यादी करणे. १९९० पूर्वीच्या दंडाच्या पावत्या, पीकपेऱ्याच्या नोंदी आणि अतिक्रमणांची नोंदवही असलेला गाव नमुना एक-ई, यांच्या प्रती मिळवून प्रत्येकाची फाईल तयार करावी.

दुसरे, आहे त्या योजना वापरणे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन शंभर टक्के अनुदानावर देण्याची तरतूद आहे. ज्यांच्या नावावर थोडी जमीन आहे, त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून विहीर, पंपसंच, ठिबक मिळू शकते. आपल्या तालुक्यात किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि निधी किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात विचारावे.

तिसरे, ठराव. पंचनाम्यात कसणाऱ्याचे नाव यावे आणि अतिवृष्टीनंतर बुडालेल्या मजुरीच्या बदल्यात रोजगार हमीची कामे तातडीने सुरू व्हावीत, हे १ मेच्या ग्रामसभेत लेखी मांडावे. पेरणी जूनमध्ये होते. त्याआधीचा महिना आपल्या हातात आहे.

जयभीम!