निळें रक्त कोणाचें?

इंग्रजींत ‘ब्लू-ब्लडेड’ असें एक जोडविशेषण आहे. अर्थ : निळ्या रक्ताचा. बड्या घराण्यांत जन्मलेल्यास तें लावतात. वर्गांत एका पोरानें विचारलें, “गुरुजी, माणसाचें रक्त निळें असतें?” जो प्रश्न पोरास सुचला, तो मोठमोठ्या पंडितांस शेंकडों वर्षें कसा सुचला नाहीं?

हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. स्पेन देशांतील शब्दाचें तें भाषांतर. तेथील कॅस्टील प्रांतांतलीं जुनीं सरदार घराणीं शेखी मिरवीत कीं, आमच्या वंशांत मूर मुसलमानांचा वा यहुद्यांचा थेंबही मिसळला नाहीं. पुरावा काय? तर गोऱ्या मनगटावरच्या निळ्या शिरा! अहो, जो जन्मभर सावलींत बसला त्याची कातडी फिकट राहते व शीर निळी दिसते. नांगर धरणाऱ्याची कातडी उन्हानें रापते. शीर टरटरून फुगली तरी निळी दिसत नाहीं. म्हणजे हा गुण रक्ताचा नव्हे, बसून खाण्याचा!

नुसती बढाई असती तर हंसून सोडली असती. पण या रक्ताच्या सोंवळ्यानें पोटावर पाय दिला. टोलेडो शहरांत १४४९ सालीं ठराव झाला कीं, ख्रिस्ती झालेल्या यहुद्यांच्या वंशजांस अधिकाराच्या जागा देऊं नयेत. पुढें कित्येक मठांनीं, विद्यालयांनीं, कारागिरांच्या संघांनींही तोच कित्ता गिरविला. धर्म तोच, प्रार्थनामंदिर तेंच. तरी आजा-पणजाचें रक्त तपासावयाचें! वंशावळ्या रचणारांची व खोट्या साक्षीदारांची मात्र चंगळ झाली. सरकारी नोकरीसाठीं ही अट कायद्यानें उठावयास १८६५ साल उजाडलें.

आतां खरें काय तें ऐका. शिरेंतलें रक्त गडद तांबडेंच असतें; निळेपणा हा कातडीवरून परतणाऱ्या उजेडाचा खेळ. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञानें १९०१ सालीं व्हिएन्ना येथें रक्ताचे गट दाखवून दिले. ते कूळ विचारीत नाहींत. गट जुळला तर मजुराचें रक्त सरदारास वांचवितें. न जुळला तर सख्ख्या भावाचेंही घात करितें.

मीं त्या पोरास विचारलें, “काल विळ्यानें बोट कापलें, तेव्हां काय निघालें?” “तांबडें.” “मग राजाचेंही तेंच.”

बंधूंनो, यापुढें कोणी कुळाच्या जोरावर मान मागूं लागला, तर त्याला म्हणा, “हाताची शीर नको, हाताचे घट्टे दाखव!”

— एक खेडेगांवचा शिक्षक